‘आजच मिळवा’च्या शेजारी परतीची वाटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत मोबाइलच्या बीटा आवृत्त्यांवर, म्हणजे अंतिम होण्याआधी चाचणीसाठी दिल्या जाणाऱ्या आवृत्त्यांवर, आलेला लेख वाचला. नव्या सुविधांची माहिती त्यात चांगली दिली आहे, चित्रंही स्पष्ट आहेत. सेटिंग्जमध्ये कुठे जायचं, कोणता पर्याय निवडायचा, फोन किती चार्ज असावा, सगळं पायरीपायरीने सांगितलं आहे. पण ती आवृत्ती नको झाली तर पुढे काय, यावर अख्ख्या लेखात एकच वाक्य आहे. नको वाटल्यास केव्हाही जुन्या आवृत्तीवर परत जाता येईल, असं ते सांगतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे, कारण त्यावर विसंबून कुणाचे तरी फोटो कायमचे जाऊ शकतात.

मी मोबाइल ॲपची चाचणी करण्याचं काम करते, आणि बरीच वर्षं करते आहे. जूनमध्ये नवी बीटा आली की आमच्या टेबलावर फोनांची रांग लागते. एकावर चालू आवृत्ती, एकावर मागची, एकावर बीटा. आमचं ॲप तिन्हींवर उघडायचं, प्रत्येक बटण दाबून पाहायचं, जे बिघडलं ते लिहून काढायचं. बीटा नसती तर सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती सगळ्यांच्या हाती पडायची आणि आम्हाला दोष त्याच दिवशी कळायचे. त्यामुळे बीटाच्या विरोधात हे पत्र आहे असं कृपया समजू नये. तिचं मोल मला ठाऊक आहे आणि लोकांनी ती वापरावी असंच मला वाटतं. फक्त कोणत्या फोनवर आणि कशासाठी, हे त्यांना आधी कळायला हवं.

लोकांनी बीटा वापरल्याने काय साधतं, ते आधी सांगते. २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ च्या, म्हणजे आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, बीटामध्ये सफारी या ब्राउझरची पत्त्याची पट्टी वरून काढून पडद्याच्या तळाशी नेली, ती तरंगती केली आणि रोजची काही बटणं मेनूच्या आत ढकलली. ज्यांनी ती वापरून पाहिली त्यांना ती पटली नाही आणि त्यांनी तसं कळवलं. एकेका बीटागणिक रचना बदलत गेली, ऑगस्टमध्ये पट्टी पुन्हा वर ठेवण्याचा पर्याय आला आणि सप्टेंबरमध्ये तो सगळ्यांना मिळाला. २०२३ मध्ये आयओएस १७ च्या बीटात कॉल बंद करायचं लाल बटण मधून उजवीकडे सरकवलं होतं. अंगठ्याला वर्षानुवर्षं जी जागा पाठ आहे ती बदलली, की म्हाताऱ्या माणसांचे आणि नजर अधू असलेल्यांचे किती हाल होतात, ते आम्हा चाचणी करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. अंतिम आवृत्ती येण्याआधी ते बटण पुन्हा मध्ये आलं. २०२५ मध्ये आयओएस २६ ची काचेसारखी पारदर्शक रचना आली, तेव्हाही मागचं चित्र आणि वरची अक्षरं एकमेकांत मिसळून वाचता येत नाहीत अशी तक्रार पहिल्या बीटापासून होती. ती पारदर्शकता एका बीटात कमी झाली, पुढच्या बीटात परत वाढली, आणि गडदपणा निवडण्याची सोय शेवटी २६.१ मध्ये आली. म्हणजे लोकांचं म्हणणं पोहोचतं. कधी लवकर, कधी काही महिन्यांनी, पण पोहोचतं.

आपल्या भाषांच्या बाबतीत तर ते पोहोचवणारी माणसं आणखी हवी आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की मेसेजचं ॲप बंद पडायचं, इतरही काही ॲप्स कोसळायची. ते अक्षर म्हणजे आपल्या ‘ज्ञा’चंच तेलुगू रूप. त्याची दुरुस्ती सगळ्यांसाठी आयओएस ११.२.६ मध्ये १९ फेब्रुवारीला आली, पण त्या वेळी चालू असलेल्या ११.३ च्या बीटामध्ये तो दोष आधीच दूर झालेला होता. कोट्यवधी लोक वापरतात त्या लिपीतलं एक साधं अक्षर अंतिम आवृत्तीतून न तपासता निसटू शकतं, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून दर बीटावर मी मराठीसाठी वेगळा वेळ काढते. ‘दऱ्या’, ‘पुढाऱ्याने’, ‘ॲप’, ‘कॅल्क्युलेटर’ टंकून पाहते. अक्षरांचा आकार मोठ्यात मोठा करून नोटिफिकेशनमध्ये ‘कुटुंब’ आणि ‘मृत्यू’ नीट दिसतात का ते पाहते, कारण ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवली गेली की आपले उकार आणि ऋकार खालून कापले जातात, आणि वरची वेलांटी नाहीतर अनुस्वार अर्धवट होतो. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या आवाजाला २०२५ हा आकडा मराठीत वाचता येतो की तो मध्येच इंग्रजीत शिरतो, तेही ऐकते. ही कामं परक्या देशातल्या कार्यालयात बसून कुणाच्या ध्यानात येणार नाहीत. ती मराठी वाचणाऱ्यानेच करायची आहेत, आणि जून ते ऑगस्ट हा त्यासाठी उत्तम काळ असतो, कारण तोपर्यंत बदल करायला वाव असतो.

आता धोक्यांकडे येते. ॲप बंद पडणं, फोन तापणं, बॅटरी दुपारीच संपणं हे त्रास आपल्या लेखात आहेत आणि ते बरोबरच आहेत. बीटा आवृत्ती दोष शोधण्यासाठी पडद्याआड सतत नोंदी ठेवत असते, त्यात मोठ्या अपडेटनंतर फोन सगळे फोटो आणि फाइली नव्याने चाळत बसतो. हे त्रास तात्पुरते असतात. खरा धोका परत येताना असतो, आणि लेखात नेमका तोच नाही.

गूगलचा पिक्सेल फोन अँड्रॉइडच्या बीटा कार्यक्रमात असेल आणि बीटा चालू असताना तुम्ही बाहेर पडायचं ठरवलंत, तर जुनी आवृत्ती बसताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. न पुसता बाहेर पडायचं असेल तर अंतिम आवृत्ती येईपर्यंत थांबायचं, ती घ्यायची आणि पुढची बीटा येऊन बसायच्या आत कार्यक्रम सोडायचा. त्याआधीच कार्यक्रम सोडला तर फोनवर जुन्या आवृत्तीचं एक अपडेट येऊन उभं राहतं, ते दाबायचं नाही. जो नेहमीच्या सवयीने आलेलं अपडेट दाबतो, त्याचा फोन कोरा होतो.

आयफोनवर बीटा बंद करून पुढच्या अंतिम आवृत्तीची वाट पाहता येते, त्यात काही जात नाही. पण आजच्या आज मागे जायचं असेल तर संगणक लागतो, फोन रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे सिस्टिम नव्याने बसवण्याच्या स्थितीत, न्यावा लागतो आणि तो पुसलाच जातो. त्यानंतरची अडचण बहुतेकांना तिथे पोहोचल्यावरच कळते. बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत भरता येत नाही. म्हणजे बीटा टाकण्याआधीचा, संगणकावर वेगळा जपून ठेवलेला बॅकअप असेल तरच परतीला अर्थ आहे. तो वेगळा काढून ठेवावा लागतो, नाहीतर पुढचा बॅकअप त्यावरच बसतो. घड्याळाचं तर त्याहून अवघड आहे. ॲपल वॉचवर बीटा टाकली की वापरणाऱ्याला ती मागे नेता येत नाही. फोन मागे आणला तरी घड्याळ पुढेच राहतं आणि दोघांचं जुळत नाही.

यात सगळ्यात सोपी झाली आहे ती आत जाण्याची वाट. २०२३ पर्यंत ॲपलची डेव्हलपर बीटा हवी असेल तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागायचे. त्या जूनपासून ती मोफत झाली आणि सेटिंग्जमधल्या एका पर्यायावर आली. लोकांसाठी तपासून थोडी उशिरा येणारी सार्वजनिक बीटा वेगळी, आणि ॲप बनवणाऱ्यांसाठी जूनमध्ये लगेच येणारी बीटा वेगळी. २०२५ मध्ये दोन्हींत जवळजवळ दीड महिन्याचं अंतर होतं, ९ जून आणि २४ जुलै. त्या दीड महिन्यात किती दोष काढले जातात ते मी टेबलावरच्या फोनांवर पाहिलं आहे. सेटिंग्जमध्ये मात्र हे दोन्ही पर्याय एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत दिसतात, आणि घाईतला माणूस जे आधी मिळतं ते निवडतो. सॅमसंगच्या वन यूआय (त्यांच्या फोनांवरची अँड्रॉइडची रचना) बीटासाठी त्यांच्या मेंबर्स ॲपमधून नाव नोंदवावं लागतं आणि जागा मर्यादित असतात. मला ते जास्त बरं वाटतं. एवढ्या पायऱ्या चढताना माणूस थोडा विचार करतो.

दुसरा धोका त्याहून दुर्लक्षित आहे. बीटा एका फोनवर असली तरी त्या फोनचं खातं एकट्याचं नसतं. तेच खाते टॅबलेटवर, लॅपटॉपवर, कधी घरातल्या दुसऱ्या फोनवरही असतं, आणि नोंदी, संपर्क, कॅलेंडर एकमेकांत जुळत राहतात. २०१९ मध्ये आयओएस १३ च्या बीटा काळात आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, फाइली आणि नोंदी गायब होण्याच्या, दुबार होण्याच्या तक्रारी आल्या होत्या. फोल्डर इतरांना वाटून देण्याची जी सोय त्या आवृत्तीबरोबर यायची होती ती काढून घ्यावी लागली आणि थेट मार्च २०२० मध्ये १३.४ बरोबर आली. बीटा फोनवर संपर्कांची यादी बिघडली तर ते बिघडणं तासाभरात धडधाकट लॅपटॉपवरही पोहोचतं. म्हणून चाचणीच्या फोनवर आम्ही वेगळं खातं वापरतो. घरी बीटा वापरणाऱ्यानेही तेच करावं.

आता माझ्या भाच्याबद्दल. तो १७ वर्षांचा आहे, त्याला टाइप १ मधुमेह आहे आणि दंडावर सतत साखर मोजणारा सेन्सर आहे. साखर खाली गेली की फोनवर मोठ्याने इशारा वाजतो, रात्रीसुद्धा. त्याची आई त्या आवाजाच्या भरवशावर झोपते. मित्रांच्या फोनवर नवी रचना पाहून त्याने मला विचारलं, “मावशी, मीपण टाकू का बीटा?” मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. इशारा वाजण्यासाठी ब्लूटूथ, नोटिफिकेशनची परवानगी, पडद्याआड चालू राहण्याची मुभा आणि ‘व्यत्यय नको’ हा मोड भेदण्याची सूट या सगळ्या गोष्टी एकाच वेळी धड असाव्या लागतात, आणि बीटात सगळ्यात जास्त उलथापालथ नेमकी याच ठिकाणी होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मधुमेहाची फोनला जोडलेली साधनं वापरणाऱ्यांना याबद्दल सावध केलं होतं. फोनची सेटिंग्ज बदलली, ब्लूटूथ हेडफोन जोडले किंवा ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली की इशारे चुकू शकतात. म्हणून आपोआप होणारी अपडेट्स बंद ठेवा आणि साधनाच्या कंपनीने नवी आवृत्ती चालते असं सांगेपर्यंत ती घेऊ नका, असा तो सल्ला होता. हा सल्ला अंतिम आवृत्त्यांसाठीही आहे. बीटाला तर कोणती साधन-कंपनी हो म्हणणार?

भाचा नाराज झाला. या वयात ते साहजिक आहे. मी त्याला माझा जुना फोन दिला, त्यावर वेगळं खातं उघडून बीटा टाकून दिली आणि एकच अट घातली. जे बिघडलेलं दिसेल ते नुसतं मित्रांना दाखवायचं नाही, फीडबॅकच्या ॲपमधून कळवायचं. तो आता माझ्याहून नीट लिहितो. आधी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दर वेळी होतं की कधीमधी, बिल्ड क्रमांक (त्या बीटाचा नेमका क्रमांक) कोणता, आणि दोष दिसल्या दिसल्या घेतलेली फोनची नोंद सोबत. दहा ओळींची अशी तक्रार वाचणाऱ्याचा निम्मा दिवस वाचवते. ‘बॅटरी खराब आहे’ एवढंच लिहून पाठवलं तर तिचं कुणालाच काही करता येत नाही.

काही वाचक म्हणतील, अंतिम आवृत्त्यांतही दोष असतातच की. असतात. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ आली आणि तेव्हाच्या नव्या आयफोन ६ वर नेटवर्कच गेलं, बोटाचा ठसाही चालेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आली तेव्हा ज्यांच्या पिक्सेलवर एकाहून अधिक युजर होते त्यांतल्या काहींना स्वतःच्याच फाइली उघडता येईनात. पण पुढे काय झालं तेही पाहा. ८.०.१ त्याच दिवशी मागे घेतली गेली आणि लगोलग ८.०.२ आली. पिक्सेलसाठी गूगलला जाहीर खुलासा करावा लागला आणि दुरुस्ती द्यावी लागली. अंतिम आवृत्तीच्या दोषाला कंपनी बांधील असते. बीटाच्या अटी मान्य करताना आपण ती बांधिलकी सोडून दिलेली असते, आणि पुढची दुरुस्ती दोन दिवसांत येईल की दोन आठवड्यांत हे कुणी सांगत नाही.

ॲप बनवणाऱ्यांचीही इथे अडचण होते. नव्या आयओएसच्या, ॲप बनवण्यासाठीच्या बीटा साधनांनी बांधलेलं ॲप स्टोअरवर घेतलं जात नाही, त्यासाठी अंतिम टप्प्यातली साधनं यावी लागतात. त्यामुळे जुलैमध्ये बीटावर एखादं ॲप कोसळलं आणि त्याची दुरुस्ती नव्या साधनांशिवाय होत नसेल, तर आमच्याकडे ती तयार असूनही आम्ही ती तुमच्यापर्यंत पोहोचवू शकत नाही. बँकेची आणि पैसे पाठवण्याची ॲप्स तर फोनची आवृत्ती ओळखीची नसेल तर सुरक्षेसाठी उघडायलाच नकार देऊ शकतात. अशा वेळी ग्राहक संतापून पत्र लिहितात, आणि त्यांचा राग मला समजतो. हे असं होऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. बीटा मिळवून देतो म्हणून कुणी अनोळखी दुव्यावरून प्रोफाइल, म्हणजे फोनची सेटिंग्ज बदलणारी फाइल, उतरवायला सांगितलं तर उतरवू नका. प्रोफाइलमधून फोनच्या नेटवर्कची आणि प्रमाणपत्रांची सेटिंग्ज बदलता येतात. नेहमीच्या बीटासाठी आता त्याची गरजही नाही.

आता विनंती. आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि बीटाची माहिती आपण दर वर्षी देता. ती जरूर द्या. मात्र ज्या पानावर ‘आजच मिळवा’ असं छापता, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एक चौकट द्या. कोणत्या फोनवर परत जाताना डेटा पुसला जातो, कोणता बॅकअप चालतो आणि कोणता चालत नाही, घड्याळाचं काय होतं, फोनवर एखादं वैद्यकीय साधन, बँकेचं ॲप किंवा कामाचा एकमेव नंबर असेल तर काय करावं, आणि बीटा घेतलीच तर दोष कुठे व कसा कळवावा. शेवटच्या मुद्द्याला थोडी जास्त जागा द्या, मराठीतले दोष कसे शोधायचे हेही त्यात यावं. तुमच्या हजारो वाचकांपैकी थोड्यांनी जरी दुसऱ्या फोनवर बीटा टाकून कापलेले उकार आणि अडखळणारा आवाज कळवला, तरी पुढच्या आवृत्तीत त्याचा उपयोग सगळ्यांना होईल.

चौकटीचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. कंपन्यांचे नियम बदलतात, म्हणून तो दर वर्षी मे महिन्यात नव्याने तपासून पाठवीन.

आपली विश्वासू,
मोबाइल ॲपची चाचणी करणारी एक वाचक